तेलाची कुपी आणि राजमुकुट

युरोपातील राजांचा इतिहास शिकविताना वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो की, राजा हाही आपल्यासारखाच दोन हातांचा माणूस. मग लक्षावधी लोक त्याची आज्ञा निमूटपणे का पाळीत? 'त्याच्यापाशी सैन्य होते' एवढे सांगून शिक्षक पुढे गेले, तर त्या मुलाचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. प्रजेच्या मानाने सैन्य नेहमीच मूठभर असते. शिवाय सैनिक हेही प्रजेच्याच घरांतून आलेले असतात. त्यांना तरी राजाचे ऐकावे असे का वाटे? तरवारीच्या धाकाने एखादे गाव काही दिवस ताब्यात ठेवता येते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कर गोळा करावयाचा, तर राजाने मागावे आणि आपण द्यावे हे रास्तच आहे, अशी समजूत देणाऱ्याच्या मनात रुजलेली असावी लागते. युरोपात ही समजूत रुजविण्याचे काम सुमारे हजार वर्षे धर्माने केले. ते कसे केले आणि त्याचे मोल राजांना काय द्यावे लागले, हे ध्यानात आले म्हणजे त्या खंडाच्या इतिहासातील पुष्कळशी कोडी उलगडतात.

आरंभ एका तेलाच्या कुपीपासून करणे सोयीचे होईल. फ्रान्सच्या ईशान्य भागात रीम्स नावाचे शहर आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याने तेथील बिशप रेमिगियस याच्या हातून ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एवढा भाग इतिहासाचा. पुढे त्याभोवती एक कथा विणली गेली. दीक्षेच्या वेळी इतकी गर्दी झाली की, पवित्र तेल घेऊन येणाऱ्या माणसाला पुढे सरकता येईना. तोच स्वर्गातून एक शुभ्र कबूतर तेलाने भरलेली लहानशी कुपी चोचीत घेऊन खाली उतरले, आणि त्या तेलाने विधी पार पडला, अशी ती कथा. येथे शिक्षकांनी कालक्रमाकडे अवश्य लक्ष द्यावे. सहाव्या शतकात तूरचा बिशप ग्रेगरी याने फ्रँक लोकांचा इतिहास लिहिला. त्यात क्लोव्हिसच्या दीक्षेचे वर्णन आहे. पण कबुतराचा मागमूसही नाही. कबूतर अवतरले ते नवव्या शतकात, रीम्सचा आर्चबिशप हिंकमार याच्या लेखणीतून, म्हणजे मूळ घटनेनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. राजांना अभिषेक करण्याचा मान आपल्या पीठाला मिळावा या खटपटीत हिंकमार होता. ज्याच्यापाशी स्वर्गातील तेल, त्यालाच राजा घडविण्याचा अधिकार, असा या कथेचा अर्थ निघे. फ्रान्सचे बहुतेक सर्व राजे पुढे रीम्सलाच जाऊन त्या कुपीतील तेलाचा एक थेंब कपाळी लावून घेऊ लागले.

परंतु राजाला तेलाची गरज का भासावी? याचे उत्तर इ. स. ७५१ मधील एका सत्तांतरात सापडते. त्या वेळी फ्रँकांच्या गादीवर क्लोव्हिसचा वंशज तिसरा चिल्डेरिक हा नामधारी राजा होता. खरी सत्ता राजवाड्याचा कारभारी पेपिन याच्या हाती होती. पेपिनला गादी हवी होती. पण त्याच्या अंगात राजरक्त नव्हते. त्याने पोप झकारियस याजकडे माणसे पाठवून प्रश्न विचारविला की, ज्याच्यापाशी केवळ नाव आहे तो राजा असावा, की ज्याच्यापाशी सत्ता आहे तो? पोपला इटलीत लोंबार्ड लोकांचा उपद्रव होत होता आणि फ्रँकांच्या साहाय्याची निकड होती. उत्तर पेपिनला हवे तेच आले. लांब केस हे त्या राजवंशाचे चिन्ह होते. चिल्डेरिकचे मुंडन करून त्यास मठात धाडण्यात आले आणि पेपिनला तैलाभिषेक झाला. तीन वर्षांनी, ७५४ मध्ये, नवा पोप दुसरा स्टीफन आल्प्स पर्वत ओलांडून स्वतः फ्रान्समध्ये आला आणि सेंट डेनिसच्या मठात त्याने पेपिनला व त्याच्या मुलांना पुन्हा अभिषेक केला. रक्ताची उणीव तेलाने भरून निघाली ती अशी.

या विधीला बायबलच्या जुन्या करारातील एका कथेचा आधार होता. यहुदी लोकांनी राजा मागितला, तेव्हा सॅम्युएल या प्रेषिताने सौल नावाच्या तरुणाच्या मस्तकी तेल ओतून त्यास राजा केले. पण ती कथा तेथेच संपत नाही. पुढे सौल देवाच्या आज्ञेबाहेर वागला, म्हणून त्याच सॅम्युएलने सौल जिवंत असतानाच दावीद या मेंढपाळाच्या पोराच्या मस्तकी तेल ओतले. राजांना या कथेचा पूर्वार्ध प्रिय होता. धर्मगुरू उत्तरार्ध विसरले नव्हते.

इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशी रोममध्ये पोप तिसरा लिओ याने पेपिनचा मुलगा शार्लमेन याच्या मस्तकी सम्राटाचा मुकुट ठेविला. पोपवर आदल्याच वर्षी रोममधील विरोधकांनी हल्ला केला होता आणि तो शार्लमेनच्या आश्रयास धावला होता. म्हणजे गरज दोघांनाही होती. तथापि मुकुट देणारा हात कोणाचा, हे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे राहिले. शार्लमेनलाही ते खुपले असावे. कारण ८१३ मध्ये आपला मुलगा लुई याला सहसम्राट करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने तो समारंभ आपल्या आखेन या राजधानीत उरकला आणि पोपला त्यात स्थान दिले नाही.

हे दुखणे उघड्यावर आले ते अकराव्या शतकात. बिशप हे केवळ धर्मगुरू नव्हते. त्यांच्या ताब्यात मोठमोठ्या जमिनी, किल्ले आणि शिबंदी असे. म्हणून जर्मनीचा राजा चौथा हेन्री यास बिशपांच्या नेमणुका आपल्या हाती हव्या होत्या, आणि पोप सातवा ग्रेगरी यास हा धर्माचा अधिकार राजाच्या हाती जाऊ द्यावयाचा नव्हता. १०७६ मध्ये हेन्रीने पोपला पदच्युत म्हणून घोषित केले. उलट पोपने हेन्रीला धर्मबहिष्कृत केले आणि त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. यांतील दुसरा भाग महत्त्वाचा होय. सरदारांनी राजाशी निष्ठेची शपथ देवाच्या नावाने घेतली होती. ज्या धर्माने ती बांधली, त्याच धर्माने ती सोडली. राजाच्या विरुद्ध उठण्यास निमित्त शोधीत असलेल्या जर्मन सरदारांना हे पर्वणीसारखे वाटले. काही महिन्यांतच हेन्रीचा पक्ष विरघळला. १०७७ च्या जानेवारीत, भर हिवाळ्यात, तो आल्प्स ओलांडून इटलीतील कॅनोसा किल्ल्यापाशी आला आणि प्रायश्चित्ताचे वस्त्र पांघरून, अनवाणी, तीन दिवस दाराबाहेर तिष्ठत राहिला. चौथ्या दिवशी पोपने त्यास क्षमा केली.

कॅनोसाचा हा प्रसंग सांगून पुष्कळदा शिक्षक थांबतात, आणि मुलांची समजूत होते की पोपचा कायमचा विजय झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. पश्चात्तापी माणसाला क्षमा नाकारणे धर्मगुरूला शक्य नव्हते. हेन्रीने नेमका हाच धर्मनियम पोपवर उलटविला आणि आपली बाजू सावरली. १०८४ मध्ये त्याने रोम घेतले, आपल्या पसंतीचा दुसरा पोप उभा केला आणि त्याच्याकडून सम्राटपदाचा मुकुट घेतला. ग्रेगरी दुसऱ्याच वर्षी सालेर्नो येथे परागंदा स्थितीत मरण पावला. पण इतके सामर्थ्य असूनही हेन्रीला मुकुट घेण्यासाठी कोणीतरी पोप उभा करावाच लागला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आतापर्यंतची हकीकत राजे, पोप आणि सरदार यांची झाली. शेतात राबणाऱ्या सामान्य माणसाला लॅटिन येत नव्हते आणि पोपच्या पत्रांशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याच्यापर्यंत राजाचे पावित्र्य कसे पोचावयाचे? यासाठी इंग्लंड व फ्रान्स या दोन देशांत एक विलक्षण विधी चालत असे. गंडमाळा नावाच्या रोगात मानेतील गाठी सुजतात, फुटतात आणि वाहू लागतात. अभिषिक्त राजाने हात लावला म्हणजे हा रोग बरा होतो, अशी श्रद्धा तेथे मध्ययुगापासून होती. इंग्लंडात तर या रोगाला राजाचा रोग असेच म्हणत. ठरलेल्या दिवशी रोगी रांगेने येत, राजा त्यांच्या मानेला वा गालाला स्पर्श करी, धर्मगुरू प्रार्थना म्हणे. इंग्लंडात राजा रोग्याच्या गळ्यात पांढऱ्या फितीत ओवलेले सोन्याचे नाणेही घाली.

या स्पर्शाची कसोटी पाहावयाची तर दुसरा चार्ल्स याचे उदाहरण घ्यावे. पोर्तुगालच्या राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या तहान्वये मुंबईचे बेट ज्याला आंदण मिळाले आणि ज्याने ते १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, तोच हा राजा. त्याच्या बापाचा शिरच्छेद झाला होता आणि त्याची स्वतःची अनेक वर्षे परदेशात गेली होती. १६६० मध्ये गादी परत मिळताच त्याने हा विधी मोठ्या प्रमाणावर सुरू केला. दरबारी नोंदींप्रमाणे त्याने आपल्या कारकीर्दीत नव्वद हजारांहून अधिक रोग्यांना स्पर्श केला. इतके लोक लोटू लागले की, या माणसाला पूर्वी स्पर्श झालेला नाही असा गावच्या धर्मगुरूचा दाखला आणणे आवश्यक करावे लागले. नाण्याच्या लोभाने तीच माणसे पुन्हा पुन्हा येत असावीत, असा संशय होता. १६८४ मध्ये तर प्रवेशाच्या चिठ्ठ्या मिळविण्याच्या गर्दीत काही माणसे चेंगरून मेली. चार्ल्सचे खासगी आयुष्य साधुपुरुषाचे खचित नव्हते. पण रांगेतील माणसाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ज्याच्या बोटांत रोग हटविण्याची शक्ती, तो पार्लमेंटने नेमलेला नोकर नव्हे, एवढे त्याला पुरे होते.

रोगी खरोखर बरे होत काय? गंडमाळा हा बहुतांशी मानेतील गाठींचा क्षय होय. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये शोधून काढले. हा रोग मधूनमधून आपोआप ओसरतो आणि पुन्हा उलटतो. राजस्पर्शानंतर काही आठवड्यांनी सूज उतरली, तर तिचे श्रेय राजाला मिळे. उतरली नाही, तर रोग्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणत किंवा तो पुन्हा रांगेत उभा राही. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२४ मध्ये या विधीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चमत्कार घडणार ही अपेक्षा आधीपासूनच दृढ असल्यामुळे लोकांना चमत्कार घडलेला दिसला, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर्गात हा भाग सांगताना त्या रोग्यांची थट्टा होऊ देऊ नये. मुलाच्या मानेवर वाहती गाठ आहे आणि वैद्याने हात टेकले आहेत, अशा स्थितीतील आई कोणत्याही देशात आणि कोणत्याही काळात जे करील, तेच त्या माणसांनी केले. इंग्रजी भाषेचा प्रख्यात कोशकार सॅम्युएल जॉन्सन याला तो अडीच वर्षांचा असताना, १७१२ मध्ये, त्याच्या आईने लिचफील्डहून लंडनला नेऊन ॲन राणीचा स्पर्श करविला होता. रोग बरा झाला नाही. पण राणीने दिलेले ते नाणे जॉन्सनने जन्मभर गळ्यात बाळगले.

आता पुन्हा सोळाव्या शतकाकडे वळले पाहिजे. धर्माचे पाठबळ हवे, पण ते देणारा पोप नको, अशी इच्छा राजांच्या मनात केव्हापासूनच होती. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर ती पुरी करण्याची संधी आली. इंग्लंडचा आठवा हेन्री याने आधी ल्यूथरच्याच विरुद्ध ग्रंथ लिहून १५२१ मध्ये पोपकडून 'धर्मरक्षक' ही पदवी मिळविली होती. पुढे पहिल्या पत्नीपासून काडीमोड देण्यास पोप राजी होईना, तेव्हा १५३४ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करवून त्याने स्वतःलाच इंग्लंडच्या धर्मपीठाचा प्रमुख ठरविले. पुढील काही वर्षांत देशातील मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. माजी चॅन्सेलर सर टॉमस मोर याने राजाचे हे धर्मप्रमुखत्व मान्य केले नाही, म्हणून १५३५ मध्ये त्याचे डोके उडविले गेले. पोपने दिलेली 'धर्मरक्षक' ही पदवी मात्र हेन्रीने टाकली नाही. तिचे संक्षिप्त रूप ब्रिटिश नाण्यांवर आजही असते.

धर्मपीठ हाती आल्यावर गावोगावच्या देवळांतील व्यासपीठ हे राजाचे जाहीरनाम्याचे ठिकाणच झाले. वर्तमानपत्रे नव्हती आणि बहुतेकांना वाचता येत नव्हते. परंतु रविवारी प्रार्थनेस जाणे मात्र सक्तीचे होते. १५४७ मध्ये सरकारने ठरावीक प्रवचनांचे पुस्तक छापले. त्यात राजाची आज्ञा पाळण्याविषयीचे एक प्रवचन होते. उत्तर इंग्लंडमध्ये १५६९ साली बंड झाले, त्यानंतर बंडखोरी हे घोर पाप आहे असे बजावणारे आणखी एक लांबलचक प्रवचन तयार झाले. सेंट पॉल याने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात सर्व सत्ता देवाकडून येते असे म्हटले आहे. ते वचन या प्रवचनांचा कणा असे. इकडे हे चालले असता, १५७० मध्ये पोप पाचवा पायस याने राणी एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला आज्ञापालनातून मुक्त केले. कॅनोसाच्या वेळचेच हत्यार पुन्हा उपसले गेले. पण या वेळी राज्य उलथले नाही. इंग्लंडातील कॅथलिकांना मात्र त्यामुळे प्रत्येक प्रसंगी राजद्रोहाच्या संशयाखाली वावरावे लागले.

राजाच्या दैवी अधिकाराचा सिद्धांत या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याची धार समजते. सामान्यतः तो प्रजेला दडपण्यासाठी होता असे सांगतात. ते खरेच आहे. पण त्याचा रोख पोपकडेही तितकाच होता. राजाची सत्ता थेट देवाकडून येते, मध्ये कोणी नाही, असे ठरले की पोपला ती काढून घेता येत नाही आणि पार्लमेंटलाही नाही. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, जो १६०३ मध्ये पहिला जेम्स म्हणून इंग्लंडचाही राजा झाला, त्याने १५९८ मध्येच या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. १६१० मध्ये पार्लमेंटपुढील भाषणात त्याने राजांची तुलना प्रत्यक्ष देवांशी केली. गमतीचा भाग असा की, कडव्या प्रॉटेस्टंट वातावरणात वाढल्यामुळे रोग्यांना स्पर्श करण्याचा विधी जेम्सला अंधश्रद्धेचा वाटे आणि आरंभी तो टाळू पाहात होता. पण लोकांची अपेक्षा पाहून त्याने तो चालू ठेविला.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याने मात्र हा सिद्धांत अक्षरशः खरा मानला. पार्लमेंटशी युद्ध होऊन तो पकडला गेला आणि जानेवारी १६४९ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभागृहात त्याच्यावर खटला चालला. कोणत्या अधिकाराने तुम्ही माझा न्याय करता, हाच प्रश्न तो अखेरपर्यंत विचारीत राहिला. त्याला मृत्युदंड देणारे लोक नास्तिक नव्हते. त्यांतील अनेक जण रोज बायबल वाचणारे प्युरिटन होते. निरपराधांच्या रक्ताने विटाळलेली भूमी ते रक्त सांडणाऱ्याच्या रक्तानेच शुद्ध होते, हेही बायबलातच आहे, आणि त्यांनी राजाला असा रक्तलांछित पुरुष ठरविले. एकाच ग्रंथाने एकाला सिंहासनावर बसविले आणि वधस्तंभाकडेही नेले. ३० जानेवारीला शिरच्छेद झाला, तेव्हा जमावातील काहींनी त्या रक्तात रुमाल बुडवून घेतले. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर हा दिवस इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात उपवासाचा दिवस म्हणून दाखल झाला. तो १८५९ पर्यंत तेथे होता.

फ्रान्समध्ये याच सुमारास राजाच्या पावित्र्याची दुसरी बाजू दिसून येत होती. १५८९ मध्ये तिसरा हेन्री हा राजा एका तरुण साधूच्या सुऱ्याला बळी पडला. राजा धर्माला पुरेसा एकनिष्ठ नाही, ही त्या साधूची तक्रार होती. गादीचा वारस चौथा हेन्री हा प्रॉटेस्टंट. पॅरिसने त्याच्यापुढे दारे उघडली नाहीत, तेव्हा १५९३ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. पण रीम्स शहर शत्रुपक्षाच्या ताब्यात होते, म्हणजे कबुतराची कुपीही त्यांच्याच हाती. अखेर १५९४ मध्ये शार्त्र येथे, दुसऱ्या एका मठातून आणलेल्या तेलाने त्याचा अभिषेक उरकण्यात आला आणि कोणाचे काही अडले नाही. त्याने १५९८ मध्ये नांतचा हुकूमनामा काढून प्रॉटेस्टंटांना संरक्षण दिले. १६१० मध्ये त्याचाही धर्मवेड्या मारेकऱ्याकडून खून झाला.

त्याचा नातू चौदावा लुई. राजपुत्राचा शिक्षक बोस्युए या बिशपने बायबलच्या आधारे राजधर्माचा ग्रंथ रचला, तो १७०९ मध्ये प्रसिद्ध झाला. राजा पवित्र आहे, त्याच्यावर हात टाकणे हा देवद्रोह आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. राजाला देवापुढे जाब द्यावा लागेल हेही त्यात आहे, पण तो जाब परलोकी द्यावयाचा होता. इहलोकी या विचाराचे फळ काय झाले? जर राजा एक आणि देव एक, तर धर्मही एकच असला पाहिजे, असे मानून लुईने १६८५ मध्ये आजोबांचा तो हुकूमनामा रद्द केला. प्रॉटेस्टंटांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली, मुलांना सक्तीने कॅथलिक दीक्षा देण्याचे फर्मान निघाले, आणि बंदी असतानाही सुमारे दोन लाख माणसे देश सोडून हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग इकडे गेली. त्यांत विणकर, घड्याळजी, कागद करणारे असे कसबी कारागीर पुष्कळ होते. देवाच्या नावाने राज्य करणाऱ्या राजाला परधर्मीयाचे अस्तित्व हा आपल्याच सत्तेचा अपमान वाटू लागतो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

इंग्लंडने १६८८-८९ मध्ये दुसऱ्या जेम्सला घालवून दुसरा राजा आणला आणि त्याचे अधिकार कायद्याने ठरविले. आदामाला देवाने दिलेले पितृत्व राजांकडे वारशाने आले, हे रॉबर्ट फिल्मरचे मत जॉन लॉक याने त्याच सुमारास आपल्या पुस्तकात खोडून काढले. रोग्यांना स्पर्श करण्याचा विधी इंग्लंडात १७१४ मध्ये ॲन राणीबरोबर संपला. परागंदा झालेले स्टुअर्ट वंशज मात्र आपणच खरे राजे हे दाखविण्यासाठी परदेशात तो करीत राहिले.

फ्रान्समध्ये अखेर आली ती हातोड्याने. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला क्रांतिकारी सभेचा सभासद र्‍यूल याने रीम्सच्या भर चौकात ती प्राचीन कुपी फोडून टाकली. राजाला मारल्यानंतर काचेची एक कुपी फोडण्यासाठी सरकारने मुद्दाम माणूस पाठवावा, यावरून तिचे वजन लक्षात येते.

यानंतरचा भाग प्राथमिक शिक्षकांनी विशेष मन लावून वाचावा; कारण आता हत्यार तेलाऐवजी शाळकरी मुलांचे पुस्तक झाले. नेपोलियनने २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसला पोप सातवा पायस याच्यासमक्ष मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेविला. १८०६ मध्ये त्याने संपूर्ण साम्राज्यासाठी एक धर्मप्रश्नोत्तरी काढविली. त्या काळी मुलांना धर्मशिक्षण प्रश्नोत्तरांच्या रूपाने पाठ करवून देत. या नव्या पुस्तकात देवाविषयीच्या प्रश्नांबरोबरच सम्राटाविषयीचे प्रश्न आले. सम्राटावर प्रेम करणे, त्याची आज्ञा पाळणे, कर देणे आणि सैन्यात भरती होणे ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, आणि ती न करणारा नरकयातनांस पात्र होतो, असे सात-आठ वर्षांची मुले घोकू लागली. ज्या पोपला मुकुटासाठी बोलावले, त्याचाच मुलूख नेपोलियनने पुढे बळकाविला. १८०९ मध्ये पोपने तो बळकाविणाऱ्यांना बहिष्कृत केले आणि नेपोलियनने पोपला कैदेत टाकले. प्रश्नोत्तरी मात्र चालूच होती. रशियात १८३३ मध्ये शिक्षणमंत्री झालेला उव्हारॉव्ह याने सनातन धर्म, एकतंत्री सत्ता आणि राष्ट्रीयता ही त्रयी शिक्षणाचा पाया म्हणून घोषित केली, तीही याच मालिकेतील गोष्ट होय.

या सर्व प्रकाराशी आपल्या देशाचा प्रत्यक्ष संबंध एका दस्तऐवजाने येतो. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा मुंबईसह देशातील प्रमुख शहरांत वाचून दाखविण्यात आला. त्याच्या आरंभी राणीची बिरुदे आहेत: देवाच्या कृपेने राणी, आणि हेन्रीला मिळालेली तीच 'धर्मरक्षक' ही पदवी. पण त्याच जाहीरनाम्यात पुढे, ख्रिस्ती धर्मावर आपली श्रद्धा असली तरी ती प्रजेपैकी कोणावर लादण्याचा अधिकार आणि इच्छा या दोहोंचा राणी त्याग करते, असेही म्हटले आहे. १८५७ चा उठाव नुकताच शमला होता. हिंदू-मुसलमान प्रजेवर राज्य करावयाचे, तर युरोपातील जुने साधन येथे उलटेल, हे लंडनला कळून चुकले होते.

फ्रान्समध्ये कुपी फुटल्यानंतरही एक प्रयोग झाला. १८२५ मध्ये दहावा शार्ल रीम्सला अभिषेकासाठी गेला. फुटलेल्या कुपीतील तेलाचा अंश भाविकांनी वाचविला होता, असे सांगण्यात आले. तो नव्या तेलात मिसळला गेला. राजाने १२१ गंडमाळ रोग्यांना स्पर्शही केला. पूर्वी या वेळी 'राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरे करतो' अशा अर्थाचे शब्द उच्चारीत. आता 'देव तुला बरे करो' असे म्हटले गेले. पाच वर्षांनी, जुलै १८३० मध्ये, पॅरिसने बंड केले आणि शार्लला देश सोडून इंग्लंडला जावे लागले. फ्रान्समध्ये त्यानंतर कोणत्याही राजाचा अभिषेक झाला नाही.

इंग्लंडात तेल अजून आहे. ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसरा चार्ल्स याचा राज्याभिषेक झाला. त्यासाठीचे तेल जेरुसलेमच्या ऑलिव्ह टेकडीवरील फळांचे होते आणि ते त्याच नगरीत मंत्रून आणले होते. साऱ्या जगाने तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहिला. पण आर्चबिशपने राजाला तेल लावण्याचा क्षण आला, तेव्हा त्याच्याभोवती तीन बाजूंनी कापडी आडपडदे उभे करण्यात आले आणि तेवढा भाग कोणालाही दाखविण्यात आला नाही.